करिष्माचं कडवं

रक्तविकार विभागातल्या शिकवणीच्या खोलीत मनोहरराव हटवार खंजिरी मांडीवर घेऊन बसले होते. समोर, कीर्तनात जिथं त्यांच्या पोथीचा पाट असायचा, तिथं पाच जणांनी गोल बसून बघायचा मोठा मायक्रोस्कोप होता. काच एकच, पण पाचही जणांनी एकाच वेळी डोळा लावायचा. मास्तरकीत जन्म गेलेल्या मनोहररावांना त्याचं फार कौतुक.

"तुमचं बरं आहे वं, प्रेमिला," ते म्हणाले. "पाच जण बसता आन् पाचांले एकच दिसते. आमच्या कीर्तनात मांडवभर लोक बसतात, पण कोनाले काय ऐकू आलं, हे त्या पांडुरंगालेच ठाऊक."

डॉक्टर प्रेमिला रामटेके हसली. सगळा विभाग तिला मॅडम म्हणायचा. मनोहररावांना मात्र ती अजून गांधीबागेतल्या शाळेत पहिल्या बाकावर बसणारी, पेशीची आकृती पुसून पुसून कागद फाडणारी पोरगी दिसायची. जीवशास्त्र त्यांनीच तिला शिकवलं होतं. शाळा सुटली की मनोहररावांचं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं: वडिलांकडून आलेली कीर्तनाची गादी, बुक्का, टाळ आणि ही खंजिरी. निवृत्तीनंतर ते पूर्ण वेळ महाराजच झाले, आणि एक दिवस ही जुनी विद्यार्थिनी घरी येऊन म्हणाली, "सर, मी गावात जाऊन भाषण करतो तं लोकं जांभया देतात. तुमी गाता तं बसून राहतात. माह्या रक्ताचं तुमी कीर्तन कराल का?"

तिचं रक्त म्हणजे ती ज्याच्या मागं लागली होती तो आजार, सिकलसेल. गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि माणूस हाडं मोडल्यासारखा विव्हळतो. आई आणि बाप दोघंही आजाराचे नुसते वाहक असले, लोकांच्या भाषेत 'हाफ' असले, तर त्यांच्या लेकराला पुरा आजार होण्याची भीती. हाफ माणूस स्वतः ठणठणीत असतो. आणि हाफचं लग्न नॉर्मल माणसाशी झालं, तर एकाही लेकराला तो आजार होत नाही. एवढंच सांगायचं होतं. एवढंच दोन कडव्यांत बसवून मनोहररावांनी कीर्तन उभं केलं, आणि गेली दोनेक वर्षं ते, प्रेमिला आणि विभागातली माणसं गावोगाव फिरत होती. आधी कीर्तन, मग मांडवातच टेबल टाकून रक्ततपासणी.

आता येत्या रविवारी देशभरातले रक्ताचे डॉक्टर नागपुरात जमणार होते. वर्धा रोडवरच्या मोठ्या हॉटेलात परिषद. प्रेमिला तिथं या कामावरचा निबंध वाचणार होती आणि नंतर मनोहररावांनी व्यासपीठावर ती दोन्ही कडवी गाऊन दाखवायची होती. त्याचीच आज तालीम. अडलं होतं ते करिष्मासाठी.

करिष्मा वैरागडे विभागातच तंत्रज्ञ होती. वाडीला भाड्याच्या खोलीत आईबरोबर राहायची, दिवसभर नळ्या आणि यंत्रं सांभाळायची, आणि कीर्तनात मनोहररावांच्या मागे उभी राहून झील धरायची. त्यांनी ओळ टाकली की तिनं ती उचलायची. गळा असा की मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकलेला म्हातारासुद्धा मान वर करायचा.

ती आली. पायातल्या चपला दाराशी नीट जोडून ठेवल्या, टाळ पिशवीतून काढून टेबलावर ठेवले, आणि उभीच राहिली.

"अवं बस ना," मनोहरराव म्हणाले. "आज दुसरं कडवं पुरं घोळून घेऊ. डॉक्टर लोकांसमोर तुह्यंच तं गाणं आहे."

"गुरुजी," करिष्मा म्हणाली, "माह्यं लग्न मोडलं."

प्रेमिलाच्या हातातला कागद खाली गेला.

"काल मध्यस्थ आला होता. साक्षगंधाची अंगठी घेऊन गेला. म्हने, पोरगी हाफ आहे. पोरगा नॉर्मल आहे म्हनलं माह्या आईनं, तं म्हने, म्हनूनच. नॉर्मल घरात कायले आनायचं? महाराजानंच सांगतलं." तिनं टाळांची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली. "मी यंत्र लावून येतो, मॅडम. सकाळचे नमुने पडले आहेत."

ती गेली. टाळ तिथंच राहिले.

मनोहररावांना विचारायची गरज नव्हती. कोणतं कीर्तन, कोणता मांडव, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं होतं.

*

सुरुवातीला कीर्तनात दोन्ही कडवी व्हायची. पूर्वरंगात शरीर म्हणजे काय, रक्त म्हणजे काय, ते सोपं करून सांगायचं. मास्तर होते ते, फळ्याशिवाय पेशी काढून दाखवायचे. मग उत्तररंगात आख्यान: कौशल्या नावाची एक माय आणि तिचा लेक. जत्रेत पाळण्यात बसायचं म्हणून हट्ट धरतो, आणि पाळण्याजवळ पोचायच्या आधीच त्याचे पाय दुखायला लागतात. आई चोळते, शेकते, कडेवर घेते. पोरगा म्हणतो, "माय, माह्ये पाय थोडा वेळ काढून ठेव ना वं."

हे वाक्य मनोहररावांच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. प्रेमिलाचा धाकटा भाऊ या आजारानं गेला, तो असं म्हणायचा. तिनं एकदा गाडीत बोलता बोलता सांगितलं होतं आणि मग खिडकीबाहेर बघत बसली होती. मनोहररावांनी तिला विचारून ते आख्यानात घेतलं. त्या वाक्याशी आलं की मांडवात पदर डोळ्यांना लागायचे. आणि त्या ओल्या शांततेत खंजिरी हळू वाजायला लागायची:

हाफाले हाफ जोडू नका,
लेकरू दुखात सोडू नका!

सगळा मांडव ते म्हणायचा. मग करिष्मा दोन पावलं पुढं यायची. हात जोडून म्हणायची, "मायबाप हो, मी करिष्मा. मी स्वतः हाफ आहे. पाहा, मले काई झालं आहे का?" लोक हसायचे. लय चढायची, आणि दुसरं कडवं ती एकटी गायची:

हाफाले नॉर्मल जोडा गा,
मनातली भीती सोडा गा!

टाळ्या पडायच्या. रडलेली माणसं हलकी व्हायची. मनोहररावांचे वडील म्हणायचे, ऐकणाऱ्याला रडवलंस तर त्याचे डोळे पुसूनच त्याला घरी धाड, नाहीतर ती हरिकथा नव्हे. तसंच चाललं होतं. फक्त एक होत होतं. हलकी झालेली माणसं घरी जायची. तपासणीच्या टेबलाशी कुणी फिरकायचं नाही. प्रेमिला सुया मांडून बसायची आणि तशाच गुंडाळून ठेवायची.

मग भिवापूरची संध्याकाळ आली. त्या दिवशी आख्यान काय रंगलं, ते मनोहररावांना अजूनही सांगता यायचं नाही. पुढच्या रांगेतला एक दांडगा शेतकरी दुपट्टा तोंडात कोंबून रडत होता. पहिलं कडवं झालं. करिष्मा पुढं आली, मी हाफ आहे म्हणाली. आता लय चढवायची, पण मनोहररावांचा हातच उचलेना. हा क्षण मोडायचा? एवढं भरून आलेलं आभाळ आपल्याच हातानं पांगवायचं? त्यांनी खंजिरी खाली ठेवली आणि हात जोडले. करिष्माचं तोंड उघडलेलं तसंच मिटलं.

आणि लोक उठले, ते थेट टेबलाकडं गेले. रांग मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत लागली.

"सर, दुसरं कडवं राहिलं आज," गाडीत प्रेमिला म्हणाली.

"राहू दे वं. रांग नाई पाह्यली?"

तिनंही रांग पाहिली होती. तिला भाऊ आठवला असेल, पुढचे असे कितीतरी भाऊ दिसले असतील. त्या दिवसापासून ते कडवं राहिलं ते राहिलंच. ठरवून कुणी काढलं नाही. दर वेळी आख्यान रंगायचं, दर वेळी खंजिरी खाली जायची, दर वेळी रांग लागायची. करिष्मा पुढं येऊन मी हाफ आहे एवढं म्हणायची आणि मागे सरायची, आणि तिच्या त्या शब्दांवर मांडव पुन्हा पहिलंच कडवं म्हणायचा.

कळमन्याचं कीर्तन झालं ते संत्र्याच्या हंगामात. बाजाराच्या आवारामागच्या देवळात. सुरू व्हायच्या आधी करिष्मा पडद्यामागं आली. नवी साडी नेसली होती.

"गुरुजी, आज माह्यं कडवं घ्यान ना?"

"काहून वं? आज काय विशेष?"

"पियूषच्या घरचे आले आहेत. पुढंच बसले आहेत."

मनोहरराव हसले होते. "सासरच्या लोकांले गळा दाखवायचा आहे का? पाहू, पाहू."

त्यांना वाटलं, पोरीला गायचं आहे. साक्षगंध झालेल्या पोरीला होणाऱ्या सासूसमोर गावंसं वाटणारच. त्यांच्या मनात दुसरं काही आलंच नाही. आणि आख्यान रंगलं. करिष्मा पुढं आली, पहिल्या रांगेकडं बघून तिनं हात जोडले, आणि एका क्षणासाठी तिनं मागे वळून मनोहररावांकडं पाहिलं. त्यांना ते आठवत होतं. तिनं पाहिलं होतं. मग ती म्हणाली, "मायबाप हो, मी स्वतः हाफ आहे." आणि खंजिरी खाली गेली होती.

*

"आपन जाऊ," प्रेमिला म्हणाली. "दोघं जाऊ. मी तपासणीचा अर्थ सांगतो, तुमी कडवं सांगा. समजदार लोकं असतील तं ऐकतील."

पियूष मदनकरचं घर बाजाराच्या भिंतीला लागूनच होतं. हवेत संत्र्याच्या सालीचा वास आणि ट्रकांची धूळ. अंगणात पियूषची आजी मनकर्णाबाई सुपात तुरीची डाळ पाखडत होती. मनोहररावांना पाहताच सूप बाजूला सारून ती उठली आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांच्या पायावर वाकली.

"महाराज आले! अवं प्रीती, पाट आन. चहा टाक. महाराजाले खाली नोको बसवू, बापा!"

प्रीती, पियूषची आई, पाट घेऊन आली. तिनं दोघांना पाहिलं आणि कशासाठी आले ते तिला लगेच कळलं. पाट ठेवून ती मान न उचलताच आत गेली.

"ह्या कोन बाई? थांबा, ओळखलं. टेबलावरच्या डॉक्टरीन. माह्यं बोट याईच्याच हाताखालच्या पोट्टीनं टोचलं." मनकर्णाबाईनं ते बोट दाखवलं, जसं काही अजून दुखतंय. "सांगतो महाराज, तुमचं कीर्तन ऐकलं आन् त्याच पावली साऱ्या घराले रांगेत उभं केलं. पियूष सुई पाहून पयते. येवढा बाप्या मानूस, कान धरून नेला. सारे नॉर्मल निघाले. मंग देवाले नारय फोडलं."

"चांगलं केलं, आजी," मनोहरराव म्हणाले. अशा श्रोत्यासाठी तर कीर्तनकार देवाजवळ मागणं मागतो. "पन पियूषचं लग्न..."

"हाव, मोडलं जी." ती सरळ म्हणाली. "पोट्टी सोन्यासारखी आहे. तिले मी एक शब्द वाकडा बोलली नाई. तिनं भर मांडवात उभं राहून सांगतलं, लपवलं नाई, हे मानलं मी. लपवलं तं माह्या नातवानं. त्याले सारं माहीत होतं, घरी बोल्ला नाई."

"आजी," प्रेमिला पुढं सरकली, "करिष्मा हाफ आहे, पियूष नॉर्मल आहे. त्यांच्या एकाही लेकराले तो आजार होऊ शकत नाही. एकाहीले नाही. लेकरू फार तर तिच्यासारखं हाफ होईल, आन् ती कशी आहे ते तुमी पाह्यलंच."

"बाई, तुमी शिकल्या आहा. पन महाराजानं तसं नाई सांगतलं. घरात हाफ आली का लेकरू दुखात पडते, येवढंच ऐकलं आमी."

"माह्यं सांगायचं राहिलं, आजी," मनोहरराव म्हणाले. "दुसरं कडवं होतं. ऐका." आणि त्या अंगणात, मांडीवर बोटांनी ठेका धरून ते गायले. हाफाले नॉर्मल जोडा गा. मनातली भीती सोडा गा.

मनकर्णाबाई ऐकत राहिली. पूर्ण ऐकलं. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही उतरलं की मनोहररावांनी बोटं थांबवली. ती रागावली नव्हती. तिला वाईट वाटलं होतं.

"महाराज," ती हळू म्हणाली, "तुमच्या पोरीसाठी कीर्तन बदलवता का जी?"

"नाई आजी, हे पहिल्यापासून होतं..."

"होतं तं गायलं काहून नाई? तीन डाव ऐकलं मी तुमचं कीर्तन. उमरेडले मायेरी गेली तं तिथं ऐकलं, तवा ही पोट्टी नव्हती आली, इथं देवळात ऐकलं, चौकात ऐकलं. कधीच नाई गायलं. आता पोट्टीचं मोडलं तं निघालं?" तिनं पदर सावरला. "लोभ आहे तुमचा तिच्यावर, समजते मले. ते बापावानी आहे, चांगलं आहे. पन देवाच्या दारी उभं राहून सांगतलेलं अंगनात येऊन नोको फिरवा जी. मंग आमी कोनाचं ऐकाव?"

आयुष्यभर त्यांनी लोकांना हेच शिकवलं होतं, की त्या गादीवरून आलेला शब्द घट्ट धरा. मनकर्णाबाईनं घट्ट धरला होता.

"बरं, दुसरं स्थळ पाह्यलं असेल तर," प्रेमिला उठता उठता म्हणाली, "त्या मुलीची तपासणी तरी करून घ्या."

"पाह्यलं ना. पारशिवनीची आहे. चांगल्या घरची पोट्टी आहे, बाई. तिचं रगत कायले तपासायचं? उगाच त्याईले अपमान वाटन."

प्रेमिला दारातच थांबली. मनोहररावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आडतीच्या शेडमध्ये पियूष संत्र्यांच्या ढिगाजवळ उभा होता. त्यांना पाहून हात पँटला पुसत आला. चांगला पोरगा. डोळे लाल.

"सर, मले सगळं समजते," तो आपणहून म्हणाला. "बारावी सायन्स केलं आहे मी."

"मंग बोल ना गा घरात!"

"बोल्लो. आई आयकते, बाबा आयकतात. पन आजी..." तो ढिगातलं एक संत्रं उचलून हातात फिरवत राहिला. "आजी रोज सकाळी तुळशीले पानी घालता घालता ते म्हनते, सर. हाफाले हाफ जोडू नका. पोथीतलं असन असं म्हनते. आता तुळशीपाशी म्हनते त्याच्यावर मी काय बोलू?"

मनोहररावांनी त्याला दोष द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना तेच जमेना. दुसऱ्या कुणा कीर्तनकाराला कुणी असं सांगितलं असतं, की तुमचं पद एक म्हातारी तुळशीपाशी म्हणते, तर तो आनंदानं रडला असता.

*

परत विभागात आले तेव्हा करिष्मा रक्त हाफ की नॉर्मल ते दाखवणाऱ्या यंत्रापाशी बसली होती. कागदाची पट्टी हळूहळू बाहेर येत होती. मनोहरराव तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. मोठी माणसं चूक झाली की जे करतात तेच त्यांनी केलं: आधी पाणी मागितलं, मग यंत्राचं नाव विचारलं, मग त्या पट्टीकडं बघत बसले.

"नाई ऐकलं ना?" तिनंच विचारलं.

"नाई."

"मले माहीत होतं. आजी तुमची भक्त आहे. आमच्या साक्षगंधाले तुमचीच गोष्ट सांगत होती."

"करिष्मा, त्या दिवशी तू म्हनली होतीस. माह्यं कडवं घ्या म्हनून."

"हाव."

"मले वाटलं, तुले गाऊन दाखवायचं आहे."

ती हसली, थोडीशीच. "ते पन होतं, गुरुजी. खोटं काहून बोलू? नवी साडी नेसून आली होती मी." मग ती पट्टी फाडून बघायला लागली. "तुमचं तरी काय चुकलं? लोकं रडत होते. रांग लागत होती. मीच त्या रांगेतल्या लोकांचं रक्त घेत होती. मले बरं वाटायचं ना. एक लेकरू वाचलं, दोन वाचले, असं मोजत होती मी बोटं टोचता टोचता."

"रविवारी गाशील ना? पुरं गाऊ. तुह्यं कडवं आधी घेऊ म्हनशील तं आधी घेऊ."

करिष्मानं मान हलवली. नाही अशी.

"तुमी गा गुरुजी. कडवं खरं आहे, मले काय माहीत नाई? रोज या यंत्रात पाह्यतो मी. पन आता हाफाले नॉर्मल जोडा म्हनताना तोंडात खोटं येऊन राहिल्यासारखं वाटते. जोडत नाहीत ना लोकं. मी उभी राहून सांगन आन् कोनी विचारलं, बाई, तुले जोडलं का, तं काय सांगू?"

यंत्रानं एक बारीक आवाज केला. तिनं पुढची नळी लावली.

*

परिषदेच्या सभागृहात गार वारं सुटलं होतं आणि खुर्च्यांना पांढरे अभ्रे होते. प्रेमिलानं पडद्यावर एकामागून एक आकृत्या दाखवल्या: किती गावं, किती तपासण्या, कीर्तनाआधी लोकांना काय माहीत होतं, नंतर काय. शेवटच्या आकृतीशी ती आली आणि कागद मिटून ठेवला.

"आमच्या निबंधात लिहिलं आहे की आम्ही दोन संदेश दिले," ती इंग्रजीत म्हणाली, आणि मागच्या रांगेतल्या मनोहररावांना शब्द न् शब्द समजत होता. "आम्ही दोन लिहिले. गावांत आम्ही एकच दिला. दुसरा दिला तेव्हा रांग लागत नव्हती, म्हणून तो गळून पडला आणि मी तो गळू दिला. टेबलाशी किती माणसं आली ते आम्ही मोजलं. त्यानंतर कुणाचं काय मोडलं ते मोजायचं आमच्या मनातच आलं नाही. हा निबंध मी दुरुस्त करून पुन्हा पाठवणार आहे."

सभागृह जरा चुळबुळलं. अध्यक्ष म्हणाले की अशी प्रांजळ गोष्ट दुर्मीळ असते, आणि टाळ्या पडल्या. प्रेमिला खाली आली. मनोहररावांनी तिचे हात क्षणभर दोन्ही हातांत धरले, शाळेत बक्षीस न मिळालेल्या पोरीचे धरावेत तसे.

मग ते वर गेले. मागे झील धरायला कुणी नव्हतं. करिष्माचे टाळ त्यांनी पिशवीत आणले होते, पण बाहेर काढले नाहीत. ते दोन्ही कडवी गायले, दुसरं दोनदा गायले. चांगलं गायले. आयुष्यात क्वचित इतका सूर लागला असेल. मोठमोठे डॉक्टर ठेका धरून डोलत होते, आणि त्यातल्या एकालाही ते कडवं ऐकायची गरज नव्हती. त्यांना ते विद्यार्थी असल्यापासून पाठ होतं.

उतरताना एका उत्तरेकडच्या वयस्क डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. "बहुत सुंदर, गुरुजी! वो पहलावाला एक बार और हो जाए। क्या पकड़ है उसमें!"

मनोहररावांनी हात जोडले. "घसा बसला आहे जी," ते म्हणाले.

*

पुढचं कीर्तन कुहीला होतं. मनोहररावांनी कौशल्येचं आख्यान आखडतं घेतलं. पायांचं ते वाक्य आलं तेव्हा आवाज मुद्दाम सपाट ठेवला. तरी बाया रडल्याच. त्यांना ते आधीच माहीत होतं, त्या रडायलाच आल्या होत्या.

त्यांनी खंजिरी उचलली आणि पहिलं कडवं न गाता सरळ दुसरं सुरू केलं.

हाफाले नॉर्मल जोडा गा...

मांडव क्षणभर गोंधळला. मग डाव्या बाजूनं, बायांच्या बैठकीतून, कुणीतरी मदतीला धावल्यासारखं, महाराज विसरले असतील म्हणून, नेहमीची ओळ उचलली. हाफाले हाफ जोडू नका. दुसरीनं साथ दिली. मग पुरुषांनी. बघता बघता अख्खा मांडव गायला लागला, प्रेमानं, एका सुरात, टाळ्यांच्या ठेक्यावर, लेकरू दुखात सोडू नका. मनोहरराव थांबले नाहीत. त्या आवाजाखाली ते आपलं दुसरं कडवं गात राहिले, पुन्हा, पुन्हा. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं त्यांचे ओठ वेगळेच हलताना पाहून कौतुकानं मान डोलावली. महाराज नामस्मरण करत असतील, असं त्याला वाटलं असावं.

त्यांनी खंजिरी खाली ठेवली नाही. मांडव दमून गप्प होईपर्यंत थांबले, मग एकट्यानं ते कडवं पुन्हा म्हटलं, आणि अर्थ सांगितला, शाळेत सांगायचे तसा, रस नाही, रंग नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. काही उठले, चपला शोधायला लागले. टेबलाकडं थोडेच गेले.

टेबलाशी प्रेमिला आणि करिष्मा बसल्या होत्या. करिष्मा आता मांडवात उभी राहत नव्हती. रक्त घ्यायला मात्र आली होती. एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली, लग्नाच्या वयाची, घाबरलेली. करिष्मानं तिचं बोट हातात घेतलं, कापसानं पुसलं.

"दुखन का, ताई?" मुलीनं विचारलं.

"जराशीक," करिष्मा म्हणाली.

मनोहरराव खंजिरी काखेत धरून थोडं दूर उभे राहिले. त्यांना वाटत होतं, करिष्मा आता त्या पोरीला सांगेल, हाफ निघाली तरी घाबरू नको, मी पण हाफ आहे, पाहा मले काही झालं आहे का. पूर्वी सुई टोचता टोचता ती प्रत्येकाला हे सांगायची, हसत.

तिनं बोट टोचलं, थेंब नळीत घेतला, नळीवर नाव लिहिलं आणि म्हणाली, "झालं. बस तिकडं."